ढगाखालचं शेत

बा,

तुला वाचता यायचं नाही, तरी लिहितेय. तू असतास तर मी हे मोठ्याने वाचून दाखवलं असतं आणि दुसऱ्याच वाक्याला तू म्हणाला असतास, "ते ऱ्हाऊ दे, झालं काय ते सांग." म्हणून झालं ते आधी सांगते. वरलं शेत गेलं. वनपट्ट्याचा आपला दावा वरच्या समितीनेही फेटाळला. भाऊ निकालाचा कागद घेऊन घरी गेला, हातपाय धुतले, जेवला, ताट उचललं आणि मग आईला म्हणाला, "गेलं." आई म्हणे उठून कोंबड्या झाकायला गेली. हे त्याने मला फोनवर सांगितलं. मी इथे नाशकात, पेठ रोडवरच्या माझ्या भाड्याच्या खोलीत, आणि माझ्यापुढे वेगळंच प्रकरण येऊन पडलंय. पुण्याच्या दोन वर्षांच्या कोर्सला माझा नंबर लागलाय. उपग्रहातून काढलेले जमिनीचे फोटो वाचायला शिकवणारा कोर्स. प्रवेश पक्का करायची मुदत उद्या संपते. या वयात नोकरी सोडून पुन्हा बाकावर जाऊन बसायचं की नाही ते ठरवायचंय, आणि ज्या शेतासाठी म्हणून अर्ज केला होता ते शेतच राहिलं नाही. भाऊ म्हणतो, "आता कशाला? वरातीमागून घोडं." त्याचं काही चुकत नाही. पण माझा पहिला कोर्स तू ठरवला होतास, तेव्हा दुसऱ्याचं तुला विचारल्याशिवाय कसं ठरवू.

पहिल्याची गोष्ट तुझ्याच तोंडून ऐकायला मला आवडायची. आता मीच सांगते. मी बी.ए.ची शेवटची परीक्षा देऊन होस्टेलवरून घरी आलेय. आई चुलीपुढे नागलीच्या भाकरी थापतेय, तू भिंतीला टेकून जेवायला बसलायस. मामापासून सरपंचापर्यंत सगळ्यांचं एकच म्हणणं, मी बी.एड. करावं आणि एखाद्या आश्रमशाळेत चिकटावं. चिकटावं हाच शब्द, जसा काही गोंदच शिकवतात तिथे. मी सांगते की मला जीआयएस शिकायचंय. तू विचारतोस, "ते काय गं?" मी कॉलेजातल्या भूगोलाच्या मॅडमनी मला समजावलं होतं तसं तुला समजावते. कॉम्प्युटरवर नकाशा असतो, पण नुसत्या रेघा नसतात. रेघांच्या मागे माहिती ठेवलेली असते. नकाशात एखाद्या जागेवर बोट ठेवलं की ही जमीन कोणाची, उतार किती, पाणी कुठून येतं, सगळं समोर येतं. तुझ्या हातातला घास तिथेच थांबतो. "आपल्या वरल्या शेतावर बोट ठिवलं तर?" मी म्हणते, "ज्याचं असेल त्याचं नाव येईल." आई म्हणते, "भाकर निवतेय." तू तिच्याकडे बघतही नाहीस. त्याच वर्षी, वनखात्याच्या नावावरचं वरलं शेत आपल्या नावावर व्हावं म्हणून, तू पाड्यातल्या सगळ्यांबरोबर वनपट्ट्याचा दावा टाकला होतास. त्या रात्री बी.एड.चा विषय आपल्या घरात संपला आणि मला वाटलं, मी जिंकले.

मग आपण दोघं एसटीने नाशकाला आलो. सीबीएसवर उतरल्यावर तू पहिल्यांदा काय केलंस, तर माझ्या वेणीतली गवताची काडी काढलीस. कॉलेजात प्रवेश बघणारे एक तरुण सर होते. त्यांनी सांगितलं, इथे दोन वाटा आहेत. एक वर्षाची पदविका, त्यात सॉफ्टवेअर शिकवतात, नकाशे काढायला शिकवतात, लगेच नोकरी लागते. दुसरी दोन वर्षांची एम.एस्सी., त्यात गणित आहे, फोटो कसे वाचायचे ते आहे, रानात जाऊन पडताळायचं आहे. मॅडमनी मला आधीच बजावलं होतं की लांबचाच कोर्स घे, वर्षभरात बटणं कळतात, फोटो कळायला दोन वर्षं लागतात. मी तोंड उघडणार तोवर तू विचारलंस, "सायब, यातलं जमिनीचं कोणतं?" ते म्हणाले, दोन्ही. "मग लवकर व्हतं ते कोणतं?" ते म्हणाले, पदविका. तू म्हणालास, "तेच लिवा."

बाहेर आल्यावर मी तुझ्यावर चिडले. कॉलेजच्या फाटकापासून बोलायला सुरुवात केली ती थांबलेच नाही. तू ऐकून घेतलंस. मग रस्ता ओलांडता ओलांडता म्हणालास, "दावा दोन वर्सं थांबंल का? एका वर्सात शिक आन आपला नकाशा त्यांच्यापुढं ठिव." तुझा हिशोब सरळ होता, त्यात वाकडं काहीच नव्हतं. दावा तुझ्यापेक्षा जास्त जगेल हे तेव्हा कोणाला ठाऊक. रविवार कारंजावर चष्मे विकणाऱ्याच्या हातगाडीपुढे तू उभा राहिलास आणि बराच वेळ घासाघीस करून काळ्या दांड्याचं एक भिंग घेतलंस. माझ्या हातात दिलंस. "फोटो लय वरून काढत्यात म्हनं. बारीक दिसंल. इच्यातून बघ." मला इतकं हसू आलं की राग गेला. कॉम्प्युटरवर भिंग लागत नाही, बटण दाबलं की मोठं होतं, असं मी तुला सांगितलं. तू म्हणालास, "लाइट गेल्यावर?"

आता थोडं मागे जाते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी सातवीत असेन. आश्रमशाळेतले एक गुरुजी आपल्या पाड्यावर आले होते आणि मी मोठ्या ऐटीत त्यांना डोंगर दाखवायला घेऊन गेले. वरल्या शेतापाशी आल्यावर मी म्हणाले, "हे आमचं पडीक." तू मागून येत होतास. गुरुजी एसटीत बसले तशी तू मला असं काही झापलंस की मला आजही ती जागा आठवते, मोहाचं झाड होतं. "पडीक कोनाला म्हनतीस? ते इसाव्याला हाय. तू निजतीस तवा तुला कोनी मेली म्हनतं का?" तसं ते शेत होतंच. पहिल्या वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी, आणि त्यानंतर उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून काही वर्षं नुसतं गवत. तोवर बाजूचा दुसरा तुकडा कसायचा. तुझ्या बापानेही असंच केलं होतं. त्या दिवसापासून मी पडीक हा शब्द तोंडात घेतला नाही, पण तो सरकारी कागदात होता, आणि कागदाला झापायला तू पुरला नसतास.

आणि दिवाळीनंतरचं तर तुला सांगायलाच नको. खुरासणी निघाली की घराला कडी लावायची, आजीला आणि कोंबड्यांना काकाकडे सोपवायचं आणि टेम्पोत बसून पिंपळगावच्या बाजूला द्राक्षांवर मजुरीला जायचं. डोंगरात तेव्हा बघायला काही उरत नाही. पिकं निघालेली, धसकटं वाळलेली, माणसं गेलेली. आपल्याकडचं शेत शेतासारखं दिसतं ते फक्त पावसात. आषाढात खालून चालत आलं तरी वरचं दिसत नाही, इतके ढग उतरलेले असतात. तू गंमतीने म्हणायचास की आपली नागली देवालाही दिसत नाही, म्हणून तर चोरीला जात नाही.

पदविकेचं वर्ष बरं गेलं. मला माउस हातात धरता यायचा नाही, सगळ्यांच्या मागून शिकले आणि सगळ्यांच्या पुढे गेले. रेघ ओढावी तर मी, असं सर म्हणायचे. पण मी काही जास्तीचं विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "ते पुढच्या कोर्सला." फोटोत गवत आणि कापलेलं शेत यातला फरक कसा ओळखायचा? ते पुढच्या कोर्सला. ढग असले तर काय करायचं? ढगांच्या आरपार बघणारे उपग्रह असतात म्हणे, पण त्याचं गणित पुढच्या कोर्सला. तुझं भिंगही एकदा मी पडद्याला लावून बघितलं होतं, वर्गातल्या मुली हसल्या. आणि बटण दाबलं की मोठं होतं, हे मी तुला सांगितलं होतं तेही अर्धंच खरं निघालं. एका मर्यादेपुढे फोटो मोठा होत नाही, नुसते चौकोन होतात. उपग्रहांच्या जुन्या फोटोंमध्ये एकेक चौकोन आपल्या घर-अंगणाएवढा असतो. त्यात एकच रंग भरलेला, मग आत चूल असो, गोठा असो की माणूस.

ही चौकोनांची गंमत मी तुला संक्रांतीला आल्यावर सांगणार होते. त्याआधीच्या एका दुपारी मी लॅबमध्ये होते, सरांनी दिलेल्या गावाच्या विहिरी नकाशावर टिंबं करून मांडत होते, आणि शिपाई दारात येऊन माझं नाव घेऊन म्हणाला की फोन आहे. तू बागेत कोसळलास. द्राक्षाचा खुडा चालू होता, पाठीवर क्रेट होता. मी पोचले तेव्हा तुला मांडवाखालून बाहेर आणून ठेवलं होतं आणि कोणीतरी तुझ्या तोंडावर पोत्याचं फडकं टाकलं होतं. ऊन पडलं होतं, आभाळ स्वच्छ होतं. मला आठवतंय मी फडक्यावर चिडले, ते काढून फेकलं. बागवाल्याने टेम्पो दिला. आई त्या सकाळी तुझ्याआधीच दुसऱ्या बागेवर गेली होती, घरी नेताना ती एकच विचारत होती, की तो सकाळी जेवून गेला होता का. कोणालाच ठाऊक नव्हतं. मला अजूनही तेवढं कळलं असतं तर बरं वाटलं असतं.

पदविका मी पूर्ण केली, पहिली आले, आणि नकाशाची नोकरी लगेच लागली. सर खोटं बोलले नव्हते. काम काय विचारशील तर परदेशातल्या गावांचे रस्ते, गॅसचे पाइप, गटारं. तिकडून फोटो येतात, आम्ही त्यावर रेघा ओढतो आणि परत पाठवतो. एका गावाची गटारं मला इतकी पाठ आहेत की तिथे तुंबलं तर मी इथून सांगेन. आपल्या पाड्याचं नाव मात्र मी कामात कधी टंकलं नाही, कारण आपल्या पाड्याचा नकाशा कोणीच मागत नाही. दावा पडून होता. भाऊ चकरा मारायचा. कधी साहेब बदललेले असायचे, कधी मोजणी पुन्हा करायची असायची. मी दर वर्षी म्हणायचे, लांबचा कोर्स करू. दर वर्षी काहीतरी निघायचं. आईचं डोळ्याचं ऑपरेशन, भावाचं लग्न, त्याची पोरं. याची तक्रार करत नाही, फक्त सांगतेय की वर्षं अशीच जातात.

शेवटी सुनावणीची तारीख आली आणि मी भावाबरोबर गेले. साहेब वाईट नव्हते, हे आधी लिहिते, नाहीतर तू उगाच कोणावर तरी खापर फोडशील. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पंख्याचा वेग वाढवला. त्यांच्या पडद्यावर आपला डोंगर होता. कायद्याने ठरवलेल्या तारखेच्या आधीपासून जमीन कसत होतात का, एवढाच प्रश्न होता, आणि त्यासाठी त्या काळातला उपग्रहाचा फोटो. त्यावर आपल्या शेताभोवती भावाने मोजून दिलेली पिवळी रेघ, आणि आत फिकट तपकिरी रंगाचे थोडे चौकोन. शेरा होता, गवत व झुडपे, लागवडीच्या खुणा नाहीत. साहेब म्हणाले, "ताई, फोटोत शेती दिसत नाही."

मी म्हणाले, "साहेब, हा फोटो थंडीतला आहे. तोवर पिकं निघालेली असतात, आणि त्या वर्षी हा तुकडा विसाव्याला सोडलेला होता. आमच्याकडे पीक पावसाळ्यात असतं."

"मग पावसाळ्यातला फोटो दाखवा."

"पावसाळ्यात ढग असतात. फोटोत नुसते ढग येतात."

"म्हणजे दाखवता येत नाही."

यात कुठे बोट ठेवणार? मी म्हणाले, ढगांमधून बघणारे उपग्रह असतात, त्यांचे जुने फोटो मागवता येतील, सलग काही वर्षांचे लावले तर कसलेलं आणि सोडलेलं वेगळं दिसू शकेल. साहेब सरसावून बसले. "तुम्हाला येतं का ते वाचायला?" मी म्हणाले, नाही, माझी पदविका आहे, ते पुढच्या कोर्सला असतं. हे वाक्य माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं, सरांच्याच चालीत. मग त्यांनी विचारलं, "आणि अर्जदार तुमचे कोण?" मी सांगितलं, आधी वडील होते, आता भाऊ आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्हीच सांगा, तुमचं म्हणणं मी कसं धरू? घरचं माणूस घरच्या बाजूनेच बोलणार." याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बा, मला फार राग आला. त्यांचा नाही, तुझा. ज्या शेतासाठी तू मला हे शिकायला घातलंस त्या शेताबद्दल बोलायची मला एकटीलाच बंदी होती, आणि ती बंदी तुझी मुलगी म्हणून होती. पाड्यातला दुसरा कोणी शिकला असता तर चाललं असतं.

निकाल लागला आणि आठवड्याच्या आत वनखात्याची माणसं वर आली. त्यांना वरून हुकूम होता, त्यांनी काम केलं. उतारावर आडवे चर खणले आणि चरांच्या कडेने सागाची रोपं लावली. रोजंदारीवर पाड्यातलीच माणसं घेतली होती. भाऊ गेला नाही, भावजय गेली. घर चालवायचंय, तिला कोण काय बोलणार. ती म्हणाली, "आपल्याच शेतात खड्डं खणाय गेले, म्हनलं दुसरं कोणी वाकडं खणील." मी मनात हिशोब मांडला. थोड्या वर्षांनी नवा फोटो येईल. त्यात ते जंगलच दिसेल. आणि तेव्हा फोटो खरं बोलत असेल.

इथवर लिहून मी पत्र बंद करणार होते आणि उद्याची मुदत जाऊ देणार होते. पण तुला एक माणूस सांगायचा राहिला. सुनावणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर पेठच्या बाजूचा एक म्हातारा बसला होता, आपल्यातलाच, पण दुसऱ्या पाड्याचा. दार उघडं होतं, त्याने आतलं सगळं ऐकलं. माझ्या भावाकडून पत्ता घेऊन तो गेल्या रविवारी माझ्या खोलीवर आला, फडक्यात वरई बांधून. दारातूनच म्हणाला, "बाय, आमचाबी डोंगर हाय. आमचीबी सुनावनी व्हनार हाय. फोटो बघशील का? आमी तुझं कोणी लागत नाय."

तो पुन्हा म्हणाला, जसं काही मला ऐकू आलं नसावं, "नात्यातलं नाय. तुझं बोलनं धरतील."

मी त्याला आत बसवलं, चहा ठेवला, लॅपटॉप उघडला. त्याने नाला सांगितला, देवाची जागा सांगितली, खिंड सांगितली, आणि मी त्याचा डोंगर शोधून काढला. तो पडद्याजवळ तोंड नेऊन बघत होता. मीही बघत होते. तिथे गवत होतं. फिकट तपकिरी चौकोन, आपल्यासारखेच. तो बोटाने दाखवत होता, इठं नागली, इठं बांध, तठं माझ्या भावाचा राखनीचा माळा. मला नागली दिसत नव्हती, बांध दिसत नव्हता. तो समोर बसला नसता आणि कंपनीने मला हा फोटो शेरा लिहायला दिला असता, तर मी गवत व झुडपे असंच लिहिलं असतं आणि पुढच्या फोटोकडे वळले असते. आपल्या शेताचंही तेच. मी तुझी मुलगी नसते तर मला तरी काय दिसणार होतं. साहेबांनी पाहिलं तेच मीही पाहिलं, फरक एवढाच की मला मोहाच्या झाडाखाली झापलं गेलं होतं.

मी त्याला खरं ते सांगितलं. म्हणाले, बाबा, मला इतकंच येतं, याच्या पुढचं वाचायला आणखी शिकावं लागतं. तो म्हणाला, "मग शिक की." मी म्हणाले, त्याला दोन वर्षं लागतात, तुमचा दावा दोन वर्षं थांबेल का? तुझंच वाक्य, बा. तो हसला. बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "दावा कुठं जातो? आमीच जातो." मग खाली वाकून चपला घातल्या आणि गेला. वरई ठेवून गेला, मी नको म्हणत असताना.

आता तुला विचारून काय विचारणार. तू म्हणशील, लवकर होतं ते घे. लवकरचं घेऊन झालं, बा. शिकून आले तरी दिसेलच असं नाही, हे पण लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. ढगांतून बघणाऱ्या त्या जुन्या फोटोंचे चौकोनही मोठेच आहेत. म्हाताऱ्याचा तुकडा लहान आहे. दोन वर्षांनी मी पुण्याहून येईन आणि म्हातारा नसेल, किंवा असेल आणि शेत नसेल. आपलं तर नाहीच, ते कोणत्याच कोर्सने परत येत नाही. तरी उद्या सकाळी उठून प्रवेश पक्का करणार आहे. भावाला अजून सांगितलेलं नाही. तो वरातीमागून घोडं म्हणेल, म्हणू दे. दुसऱ्याची वरात अजून निघायची आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुला जिथे ठेवलं त्या जागेचे अक्षांश-रेखांश मी एकदा मोबाइलवर घेऊन ठेवलेत, पण त्यावर पोस्टमन येत नाही. एक गोष्ट मात्र कोणालाच सांगितलेली नाही, ती लिहिते. समितीने लावलेला तो फोटो माझ्याकडे पूर्ण आहे. तो काही एका डोंगराचा नसतो, फार मोठा मुलूख त्यात एकदम येतो. वर डावीकडे आपला डोंगर, आणि खाली उजवीकडे, त्याच फोटोत, पिंपळगाव. फोटो निघाला तेव्हा थंडी होती. म्हणजे आपण सगळे तिथे होतो, तू, आई, भाऊ आणि मी, द्राक्षांच्या मांडवाखाली. त्या फोटोंमध्ये हिरवं असतं ते लाल दाखवायची पद्धत आहे, म्हणून बागा सगळ्या लालभडक दिसतात. भाऊ फोनवर विचारतो की निकाल लागला तरी तो फोटो रोज कशाला उघडतेस, आणि मी सांगते, शेत बघते. शेत नाही बघत, बा. मी उजवीकडे जाते, तुझं भिंग पडद्याला लावते आणि त्या लाल चौकोनांमध्ये तुला शोधते.